कागद दाखव!

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही विद्वान नाही. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण गिरणीच्या साचेखात्यात आणि रात्रपाळी नसेल तेव्हा वाचनालयाच्या बाकावर झालं. त्यामुळे बोलण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

दरवर्षी या दिवशी विहाराच्या प्रगतीचा आढावा घेतला जातो. तो सेक्रेटरींनी उत्तम घेतला. नवीन पंखे आले, ग्रंथालयाला कपाट आलं, लादी नवी बसली. टाळ्याही झाल्या. आता आमची एक विनंती आहे. जरा खाली बघा. ज्या लादीवर आपण मांडी घालून बसलो आहोत ती लादी कुणी बसवली? अहवालात देणगीदारांची नावं आहेत, ती असावीतच. पण बसवणाऱ्याचं नाव नाही. ते आम्हीही इथे घेणार नाही, कारण त्या माणसाला आणखी त्रास व्हायला नको. तुम्हाला तो आठवत असेल. बारीक चणीचा, कायम कमरेला ओळंबा अडकवलेला. महिला मंडळाच्या बायका चहा द्यायच्या तेव्हा आधी हात धुऊन मग कप घ्यायचा. पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबाद जिल्ह्याचा. आपल्याच वस्तीत मागच्या गल्लीत पोटमाळ्यावर चौघेजण भाड्याने राहायचे.

२०२५ सालच्या जून महिन्यात, पाऊस नुकताच लागला होता, रात्री दीडच्या सुमाराला आमच्या दारावर थाप पडली. बाहेर दोन हवालदार आणि साध्या कपड्यातले एक साहेब. "काका, तुम्ही कार्यकर्ते ना? जरा चला, पंच पाहिजे." आम्ही शर्ट चढवला आणि गेलो. पोलिसाने पंच म्हणून बोलावलं की आपल्याला मनातून थोडं बरं वाटतं, खोटं कशाला बोला. आपल्या बापजाद्यांना चावडीवर बोलावणं यायचं ते वेगळ्या कामाला. आपल्याला सहीसाठी बोलावतात, याचा एक मान वाटतो. त्या मानात आम्ही गेलो.

पोटमाळ्यावर चौघे भिंतीला टेकून उभे होते. साहेब विचारत होते, गाव कुठलं, तालुका कुठला, जिल्ह्यात किती तालुके, राष्ट्रगीत म्हणून दाखव. त्या रात्री दीड वाजता आम्हाला कुणी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले तालुके विचारले असते तर दोन तरी सुटलेच असते. तिघांनी कशीबशी उत्तरं दिली. लादीवाला घाबरला होता, त्याची जीभच वळेना. त्यात त्याच्या फोनमध्ये सीमेपलीकडचा एक नंबर निघाला. तो म्हणत होता, मावशी तिकडे दिली आहे. आधार कार्ड दाखवलं तर साहेब म्हणाले, "हे पैसे टाकले की मिळतं." मग पंचनामा झाला. आम्ही सही केली. घरी येऊन झोपलो.

सकाळी चहा पिताना मुलाने विचारलं, "आबा, काय लिहिलं होतं त्यात?" तेव्हा लक्षात आलं की आम्ही शेवटची दोन वाक्यं वाचलीच नव्हती. पुढे वकिलामार्फत ती वाचायला मिळाली. त्यात लिहिलं होतं की सदर इसम आपल्या नागरिकत्वाबाबत समाधानकारक उत्तरे देऊ शकला नाही. खाली आमची सही, स्वच्छ अक्षरात.

बंधूंनो, आज आम्ही या 'समाधानकारक' शब्दावर बोलायला उभे आहोत. समाधान कुणाचं? कायद्याचं, कोर्टाचं, की रात्री दीड वाजता जिन्यात उभ्या असलेल्या एका माणसाचं?

हा शब्द आमच्या जुन्या ओळखीचा आहे. १९८६ साली आम्ही वडिलांच्या जागी बदली म्हणून लागलो. बदली म्हणजे कायम नव्हे. रोज गेटवर उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर आत. दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची. आम्ही चालत घरी यायचो. नाक्यावर गाडी उभी असायची. "ए, इकडे ये. कुठून आला? कागद दाखव." बदलीचा पास घामाने भिजून त्याचा लगदा झालेला. पण आमच्या केसात कापूस असायचा, भुवयांवर, कानात. हवालदार बॅटरी मारायचा, कापूस बघायचा आणि म्हणायचा, "गिरणीवाला आहे, जाऊ दे." आमचा कागद कापसाचाच होता म्हणा ना.

एका रात्री घरी पाहुणे येणार म्हणून आम्ही गिरणीतच आंघोळ करून, डोक्याला तेल लावून निघालो. त्या रात्री केसात कापूस नव्हता. पहाटेपर्यंत चौकीच्या बाकावर बसवलं. मारलं नाही, शिवीसुद्धा फार नाही. सकाळी जॉबरची ओळख लागली आणि सोडलं. पुढे आम्ही पुस्तक काढून वाचलं. आपल्या राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यात १२२ वं कलम आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कुणी संशयास्पद स्थितीत सापडला तर त्याबद्दलचं. त्यातही तोच शब्द आहे, समाधानकारक खुलासा. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यासमोर घरफोड्या होता. पण सूर्यास्तानंतर रस्त्यावर कोण असतो? रात्रपाळीचा कामगार, हातगाडीवाला, फुटपाथवर झोपणारा. बंगल्यात राहणाऱ्याला रात्री दीड वाजता कोण विचारतो की तू तुझ्या घरात काय करतोस?

आपल्यात पारधी, कैकाडी, कंजारभाट समाजातले मित्र आहेत. त्यांच्या आजोबांना विचारा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्मलं मूल की गुन्हेगार. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत होती आणि तिथली माणसं सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जायची. म्हणजे तेही आमच्यासारखे गिरणीवालेच, फक्त संध्याकाळी कुंपणाच्या आत परत. १९५२ साली तो कायदा गेला. कायदा गेला पण सवय गेली का? आजही गावात चोरी झाली की पहिली जीप कुठल्या पालावर जाते, ते सांगायला नको.

तर मुद्दा असा. परदेशातून विनापरवाना आलेल्या माणसाला शोधून, कायद्याने चौकशी करून परत पाठवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. आमचा त्याला विरोध नाही. कुणी उगाच म्हणू नये की हे बांगलादेशींची वकिली करतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. माणसाच्या कपाळावर देशाचं नाव लिहिलेलं नसतं. मग हवालदाराने थांबवायचं कुणाला? शंभर माणसं नाक्यावरून जातात, त्यातल्या कुणाला तो म्हणणार, "कागद दाखव"? ही निवड त्याच्या मर्जीवर असते, आणि ती मर्जी कशावर चालते ते बघितलं पाहिजे.

अमेरिकेतलं उदाहरण घेऊ. तिथे मेक्सिकोच्या सीमेला लागून ॲरिझोना राज्य आहे. २०१० साली त्या राज्याने कायदा केला की पोलिसाने कुणाला इतर कारणाने थांबवलं आणि हा विनापरवाना आलेला असावा असा वाजवी संशय आला तर त्याचे कागद तपासायचे. दोन वर्षांनी, २०१२ च्या जूनमध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची तीन कलमं रद्द केली, पण हे तपासणीचं कलम तेवढं त्या वेळी ठेवलं. त्याच राज्यातल्या एका काउंटीचा शेरीफ जो अर्पायो म्हणून होता. त्याचे पोलीस रस्त्यावर गाड्या अडवत. २०१३ साली कोर्टाने निकाल दिला की हे लोक चेहरा आणि वंश बघून लॅटिनो लोकांना थांबवत होते. कोर्टाचे आदेश तो पाळेना, म्हणून २०१७ साली तो दोषी ठरला, आणि महिनाभरात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली.

आता २०२५ चं ऐका, कारण ते आपल्या गल्लीशी फार जुळतं. लॉस एंजेलिस शहरात सरकारी पथकं मजुरांच्या नाक्यावर, गाड्या धुण्याच्या ठिकाणी, बांधकाम सामानाच्या दुकानाबाहेर धाडी घालू लागली. ११ जुलैला तिथल्या एका न्यायाधीश बाईंनी मनाई केली. त्या म्हणाल्या, चार गोष्टी आहेत. माणूस दिसतो कसा, बोलतो कुठली भाषा, उभा कुठे आहे आणि काम काय करतो. एवढ्या चारच गोष्टींवरून कुणाला अडवायचं नाही. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई स्थगित केली. तीन न्यायाधीश विरोधात होते. बाजूने लिहिणाऱ्या एका न्यायमूर्तींचं म्हणणं असं की कायदेशीर राहणाऱ्याला असं थांबवलं तरी ते थोड्याच वेळापुरतं असतं, खात्री पटली की तो सुटतो.

चेहरा, भाषा, जागा, काम. आम्ही वर्तमानपत्रात हे वाचलं आणि आमच्या अंगावर काटा आला. आपल्या लादीवाल्याचं काय होतं? दिसायला सावळा, दाढी ठेवलेली. भाषा बंगाली. जागा झोपडपट्टीतला पोटमाळा. काम लादीचं. पाचवी गोष्ट साहेबांकडे नव्हतीच. आणि 'थोड्याच वेळापुरतं' म्हणजे किती, ते पुढे सांगतो.

मुंबईला हे नवीन नाही. जुलै १९९८ मध्ये जरीकाम करणाऱ्या बंगाली मुसलमानांना बांगलादेशी ठरवून पोलीस पहाऱ्यात कुर्ला-हावडा एक्स्प्रेसमध्ये बसवलं होतं. बंगालात उलुबेरिया स्टेशनवर लोकांनी गाडी अडवून त्यांना उतरवून घेतलं. ही आमचीच माणसं आहेत असं तिथले लोक म्हणत होते. त्यावरून दोन राज्यांच्या सरकारांत मोठा वाद झाला. आणि २०२५ च्या जूनमध्ये, म्हणजे आम्ही ती सही केली त्याच महिन्यात, मुंबई-ठाणे भागातून उचललेल्या बंगालमधल्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकलण्यात आलं. पश्चिम बंगालच्या पोलिसांनी कागद दाखवले, सीमेवर दोन्ही बाजूंची बैठक झाली, तेव्हा ती माणसं परत आली. दिल्लीतून बीरभूम जिल्ह्यातल्या एका गरोदर बाईला नवऱ्यासकट आणि लहान मुलासकट असंच पलीकडे पाठवलं. सप्टेंबरमध्ये कलकत्ता हायकोर्टाने ती हकालपट्टी रद्द केली. तरी ती आणि मूल परत यायला डिसेंबर उजाडला. कोर्टाची तारीख लागेपर्यंत माणूस नदीच्या पलीकडे उभा असतो. खात्री मागाहून, हकालपट्टी आधी.

आणि मुर्शिदाबाद म्हणजे काय? फाळणीच्या वेळी १५ ऑगस्टला स्वातंत्र्य आलं, पण हा जिल्हा कुणाकडे हे १७ ऑगस्टला सीमारेषा जाहीर झाली तेव्हा कळलं. खुलना तिकडे गेला, मुर्शिदाबाद इकडे आला. मध्ये पद्मा नदी. अशा जिल्ह्यातल्या माणसाची मावशी पलीकडे असणारच. ज्या बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडलांनी आणि तिथल्या दलित बांधवांनी १९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीत निवडून पाठवलं, तोच हा बंगाल. फाळणी झाली आणि बाबासाहेबांची ती जागा गेली. मग त्यांना मुंबईतून पुन्हा निवडून जावं लागलं. एका रेषेने माणसाचं काय होतं हे बाबासाहेबांनी स्वतः पाहिलेलं होतं.

म्हणून की काय, संविधानात दोन शब्द वेगळे वापरले आहेत. काही हक्क 'नागरिकांना' आहेत. पण १४ वं, २१ वं आणि २२ वं कलम 'व्यक्ती'ला आहे. कुठल्याही व्यक्तीला. २१ व्या कलमात कायद्याच्या रीतसर प्रक्रियेचे शब्द घटना समितीने गाळले तेव्हा बाबासाहेबांना समाधान नव्हतं. त्याची भरपाई म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी नवं कलम मांडलं, तेच आजचं २२ वं. अटक केली तर कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. शत्रुराष्ट्राचा माणूस आणि प्रतिबंधक स्थानबद्धता सोडली तर हे सर्वांना लागू. परदेशी असला तरी.

यावर एक गोष्ट आपल्या समाजाला ठाऊक असायला हवी. अरुणाचल प्रदेशात चकमा लोक राहतात. हे बौद्ध आहेत बरं का. पूर्व पाकिस्तानात कप्ताईचं धरण झालं, त्यांची जमीन बुडाली, आणि १९६४ पासून ते भारतात आले. नव्वदच्या दशकात तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना चालते व्हा म्हणून नोटिसा दिल्या. सुमारे ६५ हजार माणसांचा प्रश्न होता. मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९९६ मध्ये कोर्टाने राज्य सरकारला सांगितलं की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करणं हे सरकारचं काम आहे. आज एखाद्या बंगाली मुसलमान मजुरासाठी वकील उभा राहतो तेव्हा तो हा चकमांचा, म्हणजे बौद्धांचा निकाल हातात घेऊन उभा राहतो.

पण कायद्यात दुसरी बाजूही आहे आणि ती आपण लपवू नये. परकीय नागरिकांच्या १९४६ च्या कायद्यात उलटी तरतूद होती. चोरीच्या गुन्ह्यात पोलिसाने सिद्ध करायचं की तू चोर आहेस. इथे माणसानेच सिद्ध करायचं की मी परका नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन नवा आला, पण पुराव्याचं ओझं त्याच खांद्यावर आहे. आणि हेड कॉन्स्टेबलच्या दर्जाच्या पोलिसालाही वॉरंटशिवाय अटक करता येते. म्हणजे अधिकार पार खालपर्यंत उतरला. आसाममधल्या एका माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये याला थोडा लगाम घातला. कोर्ट म्हणालं, उठसूट कुणाचंही दार वाजवून 'तू परका आहेस असा संशय आहे, सिद्ध कर' असं म्हणता येणार नाही. आधी सरकारजवळ काही आधार पाहिजे, आणि तो त्या माणसाला कळवला पाहिजे. नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा तारखेत थोडा फरक पडला म्हणून माणूस परका होत नाही. बारा वर्षं आधी त्याला परका ठरवलं होतं. निकाल लागला तेव्हा, वर्तमानपत्रांनी शोध घेतला तर, तो वारलेला होता.

आता काही जण म्हणतील, आणि मागच्या रांगेत दोघे म्हणालेही आहेत, की याचा आपल्याशी काय संबंध? २०१९ च्या नागरिकत्वाच्या दुरुस्तीत बौद्धांचं नाव आहे, आपण सुरक्षित. बंधूंनो, ती दुरुस्ती नीट वाचा. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीन देशांतून २०१४ साल संपायच्या आत आलेल्यांसाठी ती आहे. खेड, चिपळूण, माणगावहून आलेल्या बौद्धासाठी नाही. त्याचे कागद हरवले तर तो काय सांगणार, की मी अफगाणिस्तानातून आलो?

कागदाचं म्हणाल तर आपल्याच घरात बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका जामिनाच्या प्रकरणात सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र आहे म्हणून कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. आधारच्या कायद्यातही तेच लिहिलं आहे. कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्माने नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याला आई किंवा बाप नागरिक असल्याचं दाखवावं लागतं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट, की दुसरा पालक विनापरवाना आलेला नसावा. म्हणजे आमच्या नातवाचा कागद आमच्या कागदावर उभा, आणि आमचा जन्म गावच्या वाड्यात सुईणीच्या हातावर. आमच्या आईचं नाव रेशन कार्डावर एक, शाळेत एक, गिरणीच्या फंडाच्या फॉर्मवर तिसरंच. धर्मांतरानंतर कुणी दाखल्यावर बौद्ध लावलं, कुणी जुनी जात ठेवली, कुणी आडनाव बदललं. अभिमानाने बदललं, बरोबरच केलं. पण हवालदाराच्या बॅटरीच्या उजेडात ते तीन वेगळ्या माणसांचे कागद दिसतात.

आम्ही पोलिसांनाही दोष देऊन मोकळे होत नाही. आपल्यातलीच पोरं हवालदार आहेत, इथे बसली आहेत. वरून आकडा मागितला जातो, अमुक दिवसांत इतके संशयित तपासा. त्याला बंगाली येत नाही. कलकत्त्याची बोली कुठली आणि राजशाहीची कुठली हे त्याला कसं कळणार? ज्याला कळत नाही त्याच्या हातात निवड दिली की तो सोपं ते करतो. ज्याच्यामागे कुणी येणार नाही त्याला उचलतो.

आणि आमच्या लादीवाल्यामागे खरंच कुणी गेलं नाही. दोन दिवस आम्हीसुद्धा गेलो नाही. लाज वाटते पण सांगतो. पहिल्या दिवशी वाटलं, पोलिसांना काहीतरी माहीत असेल. दुसऱ्या दिवशी कळलं की खबर आपल्याच एका पोराने दिली होती. भाड्याच्या डिपॉझिटवरून त्याचं आणि त्या चौघांचं वाजलं होतं, त्याचा राग. त्या पोराचं नाव आम्हाला माहीत आहे. त्याच्याशी आम्ही बोललो आहे. तो आज आलेला नाही.

तिसऱ्या दिवशी वकिलांना घेऊन आम्ही गेलो. ठाणे अंमलदारांना विचारलं, अटक केली का? म्हणाले, "अटक नाही काका, चौकशीसाठी बसवलंय." स्टेशन डायरीत नोंद? "चौकशीची कशाला नोंद?" म्हणजे बघा, अटक दाखवली की चोवीस तासांचं घड्याळ सुरू होतं. अटकच दाखवली नाही तर घड्याळ चालूच होत नाही. बाबासाहेबांनी मांडलेलं बाविसावं कलम एका शब्दाने बाजूला. आत आमचा लादीवाला बाकावर बसलेला, तसाच बाक, जसा आमचा होता. आम्हाला बघून उभा राहिला आणि म्हणाला, "चाचा, आपने साइन किया था ना, तो आप ही बोल दो." त्याला वाटत होतं ज्याच्या सहीने आत आलो त्याच्या सहीने बाहेर जाईन.

वकिलांनी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. १९९६ च्या डिसेंबरमधला सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसूंचा निकाल आहे, त्यात अटकेचा मेमो करायचा, नातेवाईकांना कळवायचं, पोलिसाच्या छातीवर नाव हवं, हे सगळं सांगितलेलं आहे. त्याचा उल्लेख केला. अर्जावर शिक्का पडल्याबरोबर बोलण्याचा सूर बदलला, हे आमच्या कानांनी ऐकलं. गावाहून त्याच्या भावाने बापाच्या जमिनीचा दस्त, आजोबांचं नाव असलेली जुनी मतदारयादी, शाळेचा दाखला फोनवर पाठवला. "फोनवरचा फोटो चालत नाही." मग त्यांच्या ठाण्याशी बोलणं झालं, गावच्या पंचायतीचा कागद आला. पाचव्या रात्री अकरा वाजता सोडलं. पाच दिवस ठेवल्याचा एक चिठोरासुद्धा दिला नाही. म्हणजे उद्या दुसऱ्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून.

त्याने आमच्याकडे भात खाल्ला. आम्ही माफी मागितली. तो म्हणाला, "रहने दो चाचा." पहाटे ओळंबा, थापी, हातोडी गोणीत बांधून गावी गेला. बाकीचे तिघेही आठवड्यात गेले. विहाराच्या पायऱ्यांची लादी तेव्हापासून अर्धीच आहे, ती कंत्राटदाराने रंगाने झाकली आहे. चढताना डाव्या बाजूला हाताने चाचपून बघा.

आमची कमिटीकडे मागणी आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास विहारात टेबल लावावं. ज्यांच्या घरात जन्मदाखले, जुनी रेशन कार्डं, शाळेचे दाखले, गिरणीचे सर्व्हिस कागद आहेत त्यांनी आणावेत. नावांत कुठे फरक आहे तो आधी शोधू, गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र काय लागतं ते वकीलसाहेब सांगतील. भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांनाही बसू द्यावं. आणि पोलिसांनी कुणाला पंच म्हणून बोलावलं तर त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करू नये, चश्मा घरी राहिला असेल तर परत जाऊन आणावा.

दुसरं, त्याच्या मजुरीचा शेवटचा हप्ता, साडेचार हजार रुपये, पायऱ्यांचं काम अपुरं म्हणून खजिनदारांनी राखून ठेवला आहे. काम अपुरं का राहिलं ते आता तुम्हाला कळलं. त्याचा फोन लागत नाही, पण पंचायतीच्या कागदावरून गावचा पत्ता आम्ही उतरून घेतला आहे. खजिनदारांनी आजच्या सभेत ते पाकीट आमच्याकडे द्यावं, उद्या सकाळी पोस्टात जाऊ. पावती पुढच्या महिन्याच्या हिशोबाला जोडू.

जयभीम.